पाण्याने आखलेली हद्द

सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व काठावर ओकलंड, बर्कली, अलमीडा, रिचमंड ही शहरे एकमेकांना खेटून उभी आहेत. नकाशात पाहिले तर एकच शहर वाटावे. पण प्रत्येकाचा कारभार वेगळा, महापौर वेगळा आणि अभिमान तर फारच वेगळा. ८ मे १९२३ रोजी इथल्या मतदारांनी एका नव्या संस्थेच्या बाजूने कौल दिला. तिचे नाव लांबलचक होते, ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी येते. तो अर्थ इथे बाजूला ठेवावा लागतो. आपल्या जिल्ह्याच्या जागी तिथे काउंटी असते. डिस्ट्रिक्ट म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी लोकांनी मत देऊन उभारलेले छोटे सरकार. त्याचे संचालक निवडून येतात. त्याला कर लावता येतो, कर्जरोखे काढता येतात, जमीन संपादन करता येते. शाळा, पोलीस, गल्लीबोळ यांच्याशी मात्र त्याचे देणेघेणे नसते. या संस्थेने सहा वर्षांत सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी धरण बांधले आणि सुमारे ९० मैलांवरून नदीचे पाणी शहरांत आणले. हा इतिहास सांगताना बहुतेकांची नजर धरणावर खिळते. मला ते अपुरे वाटते. धरणे त्या काळात अनेकांनी बांधली. इथे घडलेली नवी गोष्ट म्हणजे हद्द: शहरांच्या जुन्या वेशी तशाच ठेवून त्यांच्यावरून पाण्याच्या गरजेप्रमाणे काढलेली दुसरी वेस. या वेशीने जे साधले आणि जे बिघडवले, ते दोन्ही तिच्या एकाच गुणातून आले, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

या किनाऱ्यावर पाणी आधी धंदा म्हणून आले. क्वेबेकहून सोन्याच्या ओढीने आलेला अँथनी शाबो हा खाणीतला माणूस. पाण्याच्या जोरदार धारेने डोंगर फोडून सोने काढण्याची पद्धत घडवण्यात त्याचा वाटा होता. तीच धार वापरून माती वाहवून आणायची आणि तिचा बांध रचायचा, ही युक्ती त्याने पुढे ओढ्यांवरची धरणे बांधताना वापरली. १८६६ साली त्याने कॉन्ट्रा कोस्टा वॉटर कंपनी काढली. टेमेस्कल ओढ्यावर पहिले धरण झाले, १८७०च्या दशकात सॅन लिअँड्रो ओढ्यावर त्याहून मोठे झाले, आणि त्यातले कष्टाचे काम चिनी मजुरांनी केले. कॅलिफोर्नियाच्या १८७९च्या राज्यघटनेने पाण्याचे दर दरवर्षी नगर परिषदेने ठरवावेत असा दंडक घातला. कागदावर ही लोकशाही होती, व्यवहारात दरवर्षीची ओढाताण. कंपनीचा नफा परिषदेच्या एका ठरावावर टांगलेला असेल, तर तिचे लक्ष नळापेक्षा नगरसेवकांकडे अधिक राहणार, यात नवल नाही. १८९०च्या दशकात विल्यम डिंगी हा जमिनींचा व्यापारी मैदानात उतरला. टेकडीवरच्या त्याच्या प्लॉटना कंपनी पाणी चढवून देत नव्हती, म्हणून त्याने स्वतःचीच पाणी कंपनी काढली. दोघांची चढाओढ लागली, दर कोसळले, गिऱ्हाईक काही काळ खूश झाले; १८९९ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि ती खुशी ओसरली. १९०६ मध्ये या एकत्रित कंपनीची जागा पीपल्स वॉटर कंपनीने घेतली. नावात ‘पीपल’ होते. सूत्रे मात्र फ्रँक हॅवन्ससारख्या जमीन-विकासकांच्या हाती होती. ती बुडाली आणि १९१६ साली ईस्ट बे वॉटर कंपनी जन्मली. अर्ध्या शतकात पाटी अनेकदा बदलली, पण धंद्याचे तर्कशास्त्र तेच राहिले: जिथे प्लॉट विकायचे तिथे नळ न्यायचा, आणि जे ओढे जवळ आहेत तेवढ्यांवर भागवायचे.

ओढे पुरेनासे झाले, कारण माणसे वाढली. १९०० साली ओकलंडची लोकसंख्या ६६,९६० होती. एप्रिल १९०६च्या भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले तेव्हा हजारो माणसे फेरीबोटींनी खाडी ओलांडून आली आणि त्यांतली पुष्कळशी परत गेलीच नाहीत. १९१०च्या जनगणनेत आकडा १,५०,१७४ झाला, १९२०च्या जनगणनेत २,१६,२६१. बर्कली त्याच वीस वर्षांत १३,२१४वरून ५६,०३६वर गेली. या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. ओढ्यांवरची तळी म्हणजे एका पावसाळ्याची शिल्लक. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पावसाने ओढ दिली आणि १९१८ साली तळी तळाला गेली. कंपनीने सॅन पाब्लो ओढ्यावर नवे धरण बांधून घेतले खरे, पण धरण बांधल्याने पाऊस वाढत नाही. ते भरायलाही काही वर्षे गेली. उरल्या विहिरी. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून उपसा जितका जास्त, तितके खाडीचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तर खणलेली विहीरच खारी होत चालली होती.

विहिरींचा विषय निघाला आहे तर एका बाजूच्या घटनेपाशी थांबायला हवे. माझ्या मुद्द्याचा ती पहिला पुरावा आहे. अलमीडा काउंटीच्या दक्षिण टोकाला, नाइल्स आणि अल्व्हाराडोच्या परिसरात, अलमीडा क्रीकने आणलेल्या गाळाच्या थरांत भूजलाचा समृद्ध साठा होता. त्यावर तिथल्या फळबागा आणि भाजीपाला उभा होता. त्या ओढ्याचे पाणी सॅन फ्रान्सिस्कोची स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनी वळवून नेत होती, तर ईस्ट बेच्या शहरांना पुरवणारी कंपनी अल्व्हाराडोला विहिरी मारून उपसा करत होती. शेतकऱ्यांनी काय केले? नव्याने झालेल्या काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट कायद्याचा आधार घेऊन १९१४ साली त्यांनी अलमीडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट स्थापन केले; त्या कायद्याखालचे ते राज्यातले पहिले. त्याचे सुरुवातीचे काम पाणी पुरवण्याचे नव्हते. जमिनीखालचे पाणी बाहेर जाऊ न देणे हे होते. म्हणजे ज्या काउंटीत नऊ वर्षांनी तहानलेली शहरे डिस्ट्रिक्ट काढून दूरच्या नदीला हात घालणार होती, त्याच काउंटीत डिस्ट्रिक्ट हे हत्यार आधी उचलले होते ते ज्यांचे पाणी नेले जात होते त्यांनी. हत्यार कुणाचे नसते. हद्द आखण्याचा अधिकार ज्याला मिळतो, त्याच्या बाजूने ते चालते.

शहरांपुढे त्या वेळी एक सोपा वाटणारा मार्ग होता: सॅन फ्रान्सिस्कोच्या मागे जाणे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हेच हेची दरी बुडवून धरण बांधायला अमेरिकी काँग्रेसने १९१३च्या रेकर कायद्याने मंजुरी दिली होती. निसर्गरक्षक जॉन म्यूर यांचा विरोध, देशभर उठलेला गदारोळ, ही कथा प्रसिद्ध आहे. तिचा फारसा न सांगितला जाणारा भाग असा, की ती योजना आखताना अभियंते जॉन फ्रीमन यांनी खाडीच्या दोन्ही काठांचा हिशेब धरला होता. ओकलंड आणि बर्कली ही शहरे या योजनेची संभाव्य ग्राहक होती. १९१२ साली ‘ग्रेटर सॅन फ्रान्सिस्को’ करण्याचा, म्हणजे पूर्वेची शहरे पोटात घेण्याचा मार्ग मोकळा करणारा प्रस्ताव राज्याच्या मतदानात पडला होता. पण जे मतपेटीतून मिळाले नाही ते नळातून मिळू शकते, हे ओकलंडच्या लोकांना कळत होते. दक्षिणेत उदाहरण ताजे होते. लॉस एंजेलिसने १९१३ साली ओवेन्स नदीचे पाणी आणले आणि दोनच वर्षांत सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग शहरात विलीन झाला. पाणी हवे असेल तर आधी आमच्यात या, असा तो सरळ व्यवहार होता. शिवाय रेकर कायद्यात एक अट होती: हेच हेचीचे पाणी पुनर्विक्रीसाठी खासगी कंपनीला देता येणार नाही, नगरपालिकेला किंवा सार्वजनिक जल-डिस्ट्रिक्टला चालेल. ईस्ट बेचा पुरवठा जोवर कंपनीकडे होता तोवर हे दारही अर्धे बंदच होते. पाणी शेजाऱ्याकडून घ्यायचे असो वा स्वतः आणायचे असो, आधी सार्वजनिक संस्था उभी करणे भाग होते.

ती कशी उभारायची याचा नमुना शेतीतून आला. १८८७ साली कॅलिफोर्नियाने राइट कायदा केला. मोडेस्टोचे आमदार सी. सी. राइट यांच्या नावाने तो ओळखला जातो. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मतदान करून सिंचन डिस्ट्रिक्ट स्थापन करावे, सगळ्या जमिनीवर कर बसवावा, त्याच्या तारणावर कर्जरोखे काढावेत आणि कालवा खोदावा. ज्याला पाणी नको त्याच्याही जमिनीवर कर, म्हणून मोठे जमीनदार कोर्टात गेले. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. शहरी भागासाठी १९११ साली वेगळा कायदा झाला आणि त्याखाली १९१२ मध्ये खाडीच्या उत्तरेला मरिन काउंटीने आपले जल-डिस्ट्रिक्ट काढले. १९२१चा म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट कायदा या सगळ्यांहून ऐसपैस होता. अनेक शहरे आणि त्यांच्यामधला बिगरशहरी भाग एका हद्दीत आणता येईल, संचालक प्रभागांतून निवडले जातील, आणि पाण्याबरोबर वीज, वाहतूक यांसारख्या सेवाही चालवता येतील. विजेची तरतूद कागदावर किती सोपी आणि जमिनीवर किती अवघड होती ते सॅक्रामेंटोने अनुभवले. त्याच कायद्याखाली, त्याच १९२३ साली तिथे विजेसाठी डिस्ट्रिक्ट झाले. खासगी वीज कंपनीशी झगडत त्याचा पहिला दिवा लागला ३१ डिसेंबर १९४६ला. ईस्ट बेच्या संचालकांनी तो मार्ग टाळला. धरणावर तयार होणारी वीज त्यांनी खासगी वीज कंपनीलाच विकली. तत्त्वनिष्ठ सुधारकांना ही तडजोड खटकली असणार. पण एका वेळी एकच शत्रू अंगावर घ्यावा, हे व्यवहारज्ञान त्यात होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. कंपनी इतकी नालायक होती का? ईस्ट बे वॉटर कंपनीने सॅन पाब्लोचे धरण बांधले होते, दुसऱ्याची तयारी चालवली होती, आणि १९१२ नंतर दर ठरवण्याचे काम नगर परिषदेकडून राज्याच्या रेल्वे आयोगाकडे गेल्यामुळे जुनी ओढाताणही निवळली होती. तिनेच दूरची नदी का आणू नये? उत्तर कारभाराच्या दर्जात सापडत नाही, हिशेबात सापडते. दूरची नदी आणायची तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांची गरज धरूनच आणावी लागते. आजच्यापुरती जलवाहिनी टाकून दहा वर्षांनी पुन्हा खोदणे परवडत नाही. मग पहिली कित्येक वर्षे जे पाणी कुणी विकत घेत नाही, त्याचे व्याज कुणी भरायचे? कंपनीकडे एकच उत्पन्न, पाण्याचे बिल. डिस्ट्रिक्टकडे दुसरेही होते, जमिनीवरचा कर. पाणी येणार म्हणताच रिकाम्या प्लॉटची किंमत चढते, पण रिकाम्या प्लॉटला बिल येत नाही. कर मात्र लागतो. नळ न उघडता ज्याचा फायदा होतो त्याच्याकडून आजच वाटा घेण्याची ही सोय होती, आणि तिच्यासाठी हद्द आवश्यक होती. कारण कर हद्दीतल्या जमिनीवरच लागतो. जमीन विकण्यासाठी पाणी आणणाऱ्या जुन्या मालकांचे तर्कशास्त्र इथे उलटे झाले: आता जमीनच पाण्याचे पैसे भरणार होती.

मग घटना भराभर घडल्या. संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले जॉर्ज पार्डी. ते डोळ्यांचे डॉक्टर, ओकलंडचे माजी महापौर, आणि १९०३ ते १९०७ राज्याचे गव्हर्नर. भूकंपाच्या वेळी सूत्रे त्यांच्याच हाती होती. वडीलही डोळ्यांचे डॉक्टर आणि ओकलंडचे महापौर होते, तेव्हा गाव त्यांना परके नव्हते. मंडळ नुकते कामाला लागत होते तोच १७ सप्टेंबर १९२३ रोजी कोरड्या वाऱ्यासोबत टेकड्यांवरून आलेल्या आगीने उत्तर बर्कलीत सुमारे सहाशे इमारती खाऊन टाकल्या. विझवायला माणसे होती, पण अरुंद वाहिन्यांतून येणारे पाणी आगीला पुरे पडत नव्हते. डिस्ट्रिक्टच्या समर्थकांना याहून भीषण युक्तिवाद मागता आला नसता. मुख्य अभियंता म्हणून आर्थर पॉवेल डेव्हिस आले, आणि त्यांची निवड हा सुद्धा एक योगायोगच म्हणायचा. केंद्र सरकारच्या जलसिंचन खात्याचे ते संचालक होते. त्याच वर्षी त्यांना दूर करून त्यांच्या जागी अभियंता नसलेला राजकारणी आणला गेला होता. कोलोरॅडो नदीवरच्या ज्या महाधरणाची कल्पना डेव्हिस यांनी वर्षानुवर्षे मांडली ते पुढे हूव्हर धरण म्हणून उभे राहिले. वॉशिंग्टनने टाकलेला माणूस ओकलंडने उचलला. सल्ल्यासाठी पनामा कालवा पूर्ण करणारे जनरल गोथल्स आणि लॉस एंजेलिसचे जलअभियंता विल्यम मल्हॉलंड यांनाही बोलावले. नदी निवडली ती मकॅलमी. इंग्रजीत तिचे स्पेलिंग वाचून कुणीही मोकेलुम्ने म्हणेल. तिथली माणसे मकॅलमीच म्हणतात. नोव्हेंबर १९२४ मध्ये ३ कोटी ९० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी मोठ्या बहुमताने मंजुरी दिली.

अमाडोर आणि कॅलव्हेरास या दोन डोंगरी काउंट्यांच्या सीमेवर साडेतीनशे फुटांच्या आसपास उंचीचे काँक्रीटचे धरण उभे राहिले. त्याला पार्डी यांचे नाव दिले गेले. पोलादी जलवाहिनी खोऱ्यातून, सॅन वाकीन नदीच्या मुखाजवळच्या दलदलीच्या त्रिभुज प्रदेशातून, टेकड्यांखालून सॅन पाब्लोच्या तळ्याकडे आली. १९२८च्या अखेरीस डिस्ट्रिक्टने ईस्ट बे वॉटर कंपनीची सगळी मालमत्ता विकत घेतली: तळी, वाहिन्या आणि टेकड्यांवरची हजारो एकर पाणलोटाची जमीन. २३ जून १९२९ रोजी सिएराचे पाणी पोचले तेव्हा स्थानिक तळ्यांत तीन आठवड्यांपुरतेच पाणी शिल्लक होते. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोने १९१३ साली मंजुरी मिळवलेल्या हेच हेचीचे पाणी शहरात यायला १९३४चा ऑक्टोबर उजाडला. दोन्हींची तुलना सरसकट करणे बरोबर नाही. हेच हेचीचे बोगदे जास्त अवघड होते आणि मध्ये महायुद्ध आले. तरीही दहा वर्षे उशिरा निघालेला पाच वर्षे आधी पोचतो, तेव्हा संस्थेच्या रचनेला काही श्रेय द्यावेच लागते. सॅन फ्रान्सिस्कोला पाण्याबरोबर आपल्या शहराचे सगळे राजकारण ओढायचे होते. स्प्रिंग व्हॅली कंपनी विकत घ्यायलाच त्याला १९३० साल उजाडले. ओकलंडने राजकारण महापालिकेत ठेवले आणि पाणी बाहेर काढले.

हे बाहेर काढणे सगळ्यांना पसंत नव्हते, आणि त्यांचे म्हणणे फेटाळण्यासारखे नाही. एका कामाचे सरकार म्हणजे अदृश्य सरकार, असा आक्षेप तेव्हापासून आजपर्यंत चालत आला आहे. महापौराचे नाव लोकांना ठाऊक असते. पाण्याच्या संचालकाचे नाव मतपत्रिकेवरच प्रथम दिसते. शिवाय एकदा साचा सापडला की त्यातून नव्या नव्या संस्था निघत राहतात. पाणलोटाची जी जमीन पाण्यासाठी लागणार नव्हती ती उद्यानांना द्यावी अशी मागणी झाली, पण डिस्ट्रिक्टच्या मंडळाला उद्याने चालवण्याची हौस नव्हती. म्हणून १९३४ साली, ऐन मंदीत, मतदारांनी स्वतःवर आणखी एक कर घेऊन वेगळे उद्यान डिस्ट्रिक्ट स्थापन केले. टिल्डन उद्यान आणि टेमेस्कल तळे त्यातूनच लोकांना मिळाले. चांगले झाले, पण राज्यभर हेच होत गेले तेव्हा डिस्ट्रिक्टांचे इतके रान माजले की १९६३ साली प्रत्येक काउंटीत हद्दींवर नजर ठेवणारा आयोग नेमावा लागला. अदृश्यतेची किंमतही एकदा दिसली. २० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंड-बर्कलीच्या टेकड्या पुन्हा पेटल्या, २५ माणसे मेली, हजारो घरे गेली. वीज गेल्यावर पंप थांबले, टाक्या रिकाम्या झाल्या आणि बंबांना पाणी मिळेना. १९२३च्या आगीने ज्या संस्थेला बळ दिले, तिच्याच कारकिर्दीत हे घडले. तरी मला हा आक्षेप अर्धाच पटतो. महापालिकेच्या पन्नास खात्यांत पुरलेले पाणी खाते जास्त दृश्य असते असे मानायला आधार नाही. उलट डिस्ट्रिक्टवर बोट ठेवता आले, कारण बोट ठेवायला एक स्वतंत्र संस्था होती. लोकांनी निवडलेली आहे ही गोष्टही छोटी नाही. कॅलिफोर्नियातच असे जल-डिस्ट्रिक्ट आहेत जिथे मत फक्त जमीनमालकाला, आणि तेही जमिनीच्या मोलाच्या प्रमाणात. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. ईस्ट बेत भाडेकरूलाही मत आहे.

खरी अडचण हद्दीच्या आतल्या माणसांची नाही, बाहेरच्यांची आहे. धरण अमाडोर-कॅलव्हेरासच्या सीमेवर आणि मतदार ९० मैल दूर. ज्या नदीकाठी सोन्याच्या खाणी चालल्या, ज्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली, तिथल्या एकाही माणसाला या संस्थेच्या निवडणुकीत मत नव्हते आणि नाही. १९६४ साली खाली दुसरे धरण झाले तेव्हा कमँची नावाचे जुने खाणगाव बुडाले आणि जलाशयाला त्याचे नाव मिळाले. पाणी जिथे उगवते त्या काउंटीचा पहिला हक्क मानणारा कायदा राज्याने १९३१ साली केला. पण तो राज्याने स्वतःच्या नावे राखून ठेवलेल्या हक्कांना लागू होता, आणि ईस्ट बेने आपला दररोज २० कोटी गॅलनचा परवाना १९२६ सालीच मिळवला होता. खालच्या अंगाला लोडाय गाव होते. नदी वाहते तोवर त्याच्या विहिरी भरत. नदी अडल्यावर भूजल उतरू लागले. गाव कोर्टात गेले. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लोडायचा हक्क मान्य केला, पण थोड्या पाण्यासाठी प्रचंड पाणी समुद्राकडे सोडत राहणेही नामंजूर केले; डिस्ट्रिक्टने आपल्या खर्चाने दुसरा मार्ग काढावा, असा त्याचा रोख होता. निकाल समंजस होता. पण लोडायकडे कोर्टात जायला नगरपालिका होती, वकील होते. डोंगरातल्या विरळ वस्तीकडे काय होते? अल्व्हाराडोच्या शेतकऱ्यांनी १९१४ साली जे केले ते इथे वेळेत कुणी केले नाही. बाजू न्याय्य असून भागत नाही. हद्द आधी आखावी लागते.

यावर ठरलेले उत्तर असे, की पाणी जास्त लोकांच्या कामी आले, दोन डोंगरी काउंट्यांच्या तुलनेत लाखोंची तहान भागली. आकड्यांत ते खरे आहे. पण ते पूर्ण खरे मानायला मी तयार नाही, कारण पाण्याने तहानेपेक्षा बरेच काही भागवले. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्ट्रिक्टच्या वाहिन्या टेकड्या ओलांडून पूर्वेकडे, लाफायेट, वॉलनट क्रीक, डॅनव्हिलकडे पसरल्या. महापालिकेची हद्द वाढायला विलीनीकरण लागते, वाद होतात. डिस्ट्रिक्टची हद्द कागदावरच्या रेषेने वाढते. परिणाम असा, की ओकलंडच्या करदात्यांनी ज्या धरणाचे कर्ज फेडले त्या धरणाचे पाणी ओकलंड सोडून जाणाऱ्यांच्या हिरवळीवर पडू लागले, आणि ती माणसे ओकलंडला कर देणे लागत नव्हती. लॉस एंजेलिसने पाणी दाखवून वस्त्या गिळल्या, तो दांडगेपणा होता. ओकलंडने ते केले नाही म्हणून शेजारी शहरे वाचली; पण ओकलंडही पुढच्या वाढीतल्या वाट्याला मुकले. हद्दीच्या त्याच गुणाची ही दुसरी बाजू.

वाढ पुरवण्यासाठी जन्मलेली संस्था वाढीला नकार देऊ शकते का, हा प्रश्न १९९०च्या दशकात समोर ठाकला. सॅन रमोनजवळच्या डॉगर्टी व्हॅलीत ११,००० घरांच्या योजनेला कॉन्ट्रा कोस्टा काउंटीने १९९२ साली संमती दिली, आणि पाणी डिस्ट्रिक्टने द्यावे असे गृहीत धरले. सहा वर्षांच्या दुष्काळातून नुकतीच बाहेर आलेली संस्था म्हणाली, आमच्या आजच्या ग्राहकांनाच टंचाईत पुरत नाही. प्रकरण कोर्टात गेले. विकासकांचा मुद्दा नेमका होता: वस्ती कुठे व्हावी हे ठरवायला काउंटीचे प्रतिनिधी निवडलेले आहेत, पाणीवाल्यांनी पाणी द्यावे. तत्त्वतः मला तो मान्य आहे. पण जे पाणी नाही ते नकाशावर हिरवा रंग भरून येत नाही, आणि ‘नाही’ म्हणायची हिंमत इथे एका वेगळ्या संस्थेला झाली कारण जमिनीच्या परवानग्यांतून मिळणारे काही तिला मिळवायचे नव्हते. घरे झालीच. त्यांचे पाणी शेवटी दूर दक्षिणेत, कर्न काउंटीतल्या एका शेती जल-डिस्ट्रिक्टकडून विकत घेतलेल्या हक्कातून आले आणि दुसऱ्याच संस्थेने पुरवले. आज त्या वस्तीत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मराठी घरेही आहेत. या वादातून १९९५ साली राज्याचा पहिला, दातांशिवायचा कायदा झाला, आणि २००१ साली दात असलेला: ५००हून अधिक घरांची योजना असेल तर पुरेसे पाणी आहे हे आधी लेखी दाखवा, मगच अंतिम मंजुरी.

मकॅलमीच्या काठचे लोकही दरम्यान शहाणे झाले होते. २००९ साली डिस्ट्रिक्टने पार्डी जलाशय वाढवण्याचा विचार आपल्या आराखड्यात घातला. नदीचा आणखी काही भाग त्याने बुडाला असता. डोंगरातल्या संघटना कोर्टात गेल्या, पर्यावरण अहवाल अपुरा ठरला, आणि संचालकांनी तो भाग आराखड्यातून गाळला. मग २०१८ साली राज्याने पार्डीच्या वरच्या अंगाला मकॅलमीचे ३७ मैल वन्य आणि निसर्गरम्य नदी म्हणून कायद्याने राखून ठेवले. त्या पट्ट्यात आता कुणालाही नवे धरण बांधता येत नाही.